चिठ्ठीवर काय लिहिलंय?

(वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, बोललं तसंच, थोडी काटछाट करून)



डॉक्टरांनी आज पहिल्या दोन रांगा भरून टाकल्या आहेत. विषय कळवला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी कदाचित दुसरी तारीख मागितली असती.

निमंत्रणपत्रात विषय आहे 'रुग्णांचे हक्क आणि जबाबदाऱ्या'. यातला बराच मोठा भाग मी आज बाजूला ठेवणार आहे. अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, विमा कंपनीची मंजुरी, बिल भरलं नाही म्हणून अडवून ठेवलेला मृतदेह, यांवर वर्तमानपत्रं लिहितात आणि लिहायलाच हवं. पण माणूस हॉस्पिटलात दाखल होतो आयुष्यात मोजक्या वेळा. दवाखान्यात मात्र तो सर्दीला जातो, पाठदुखीला जातो, पोराला लस द्यायला जातो, सासूबाईंचं बीपी बघायला जातो. बाकावर बसतो, नंबर लागतो, आत जातो आणि चार-पाच मिनिटांत चिठ्ठी घेऊन बाहेर येतो. मी बोलणार आहे ते या चार-पाच मिनिटांबद्दल आणि त्या चिठ्ठीबद्दल.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. शिक्षण फार्मसीचं, आणि उभी हयात मेडिकलच्या काउंटरमागे गेली. दवाखान्यातून बाहेर पडलेला पेशंट सगळ्यात आधी आमच्यासमोर येतो. आत त्याला काय कळलं आणि काय नाही, हे त्याच्या पहिल्या वाक्यावरून लक्षात येतं. "ही कशाची गोळी हो?" असं त्याने मला विचारलं, की समजायचं, आत हे विचारायचं राहिलं. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो त्या डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी घेऊन आलेली माणसं हा प्रश्न फारसा विचारत नसत. त्या चिठ्ठीत औषधाच्या नावाखाली मराठीत ओळ असे: 'रक्तदाबासाठी. सकाळी चहानंतर. बरं वाटलं तरी बंद करू नये.' असं लिहायला त्यांना कुठल्याही कायद्याने भाग पाडलं नव्हतं.

कायद्याचं आधी उरकून घेतो.

महाराष्ट्रात खाटा असलेल्या रुग्णालयांना १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू होतो. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले. रुग्णहक्कांची सनद आणि पंधरा सेवांचे दर लोकांना दिसतील असे लावणं तेव्हापासून बंधनकारक झालं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आहे, त्यात बिनखाटांचे दवाखानेही येतात. पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. परिणाम असा, की एक टेबल, एक तपासायचा पलंग, पडदा आणि बाहेर बाक एवढाच ज्याचा पसारा, तो आपला नेहमीचा दवाखाना या दोन्ही कायद्यांच्या मधल्या फटीत राहिला. तपासायच्या पलंगावर पेशंट रात्र काढत नाही, त्यामुळे ती खाट धरत नाहीत.

मग या दवाखान्याला नियमच नाहीत का? आहेत. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना २००२ सालचे आचारनियम लागू आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगित केले, म्हणून जुनेच चालू. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या, नियम वेगळे. त्यामुळे दवाखान्याच्या पाटीवरची पदवी वाचणं हे पेशंटचं पहिलं काम. आपण पाटीवरचं आडनाव वाचतो आणि आत शिरतो. २००२ च्या नियमांत तर डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात आणि प्रत्येक चिठ्ठीवर, पावतीवर दाखवायचा असतो, फी किती ते फलकावर लिहायचं असतं, आणि पेशंट दुसरीकडे पाठवला म्हणून कमिशन घ्यायचं नसतं. फीचा फलक आपल्या गावात किती दवाखान्यांत आहे हे समोरच्या दोन रांगांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. तिच्यात सतरा हक्क आहेत. आजार आणि उपचार यांची माहिती मिळणं, कागदपत्रं मिळणं, तातडीच्या वेळी पैशांवाचून न अडता उपचार, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, औषध आणि तपासणी कुठून करायची ते आपण ठरवणं, गुप्तता, अशी ती यादी. शेवटी जबाबदाऱ्यांच्या काही ओळी आहेत. त्या ओळी कुणी वाचत नाही. हक्कांची पानं तरी कोण वाचतं म्हणा.

न्यायालयांनी मात्र हा विषय बराच आधी हाताळला. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे मोजून घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. त्याच्याही कितीतरी आधीचा एक खटला आपल्या मातीतला आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या किनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाला अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं. गाडीने त्याला पुण्याला आणलं. तिथे नीट भूल न देता, जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि त्याच दिवशी मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९६८ मध्ये निकाल लागला आणि नुकसानभरपाई कायम झाली ती तीन हजार रुपयांची. रक्कम सोडा. त्या निकालात न्यायालयाने डॉक्टरच्या तीन जबाबदाऱ्या सांगितल्या: हा पेशंट आपण घ्यायचा का हे विचारपूर्वक ठरवणं, कोणता उपचार करायचा हे ठरवणं, आणि तो काळजीने करणं. पुढच्या अनेक निकालांत याच तिन्हींचा आधार घेतला गेला. पेशंटच्या जबाबदाऱ्या इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेल्या मला आढळल्या नाहीत. काउंटरवरून त्या जशा दिसल्या, तशा मी सांगतो.

गुरुजींपासून सुरुवात करतो. गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक, हिशेबाला पक्के, प्रत्येक कागद जपून ठेवणारे. एका संध्याकाळी आले ते म्हणाले, "पाय सुजतायत, लघवी साफ होण्याची गोळी द्या." मी म्हटलं, चालू औषधं कोणती? त्यांनी पिशवीतून दोन चिठ्ठ्या काढल्या. एक इथल्या डॉक्टरांची. दुसरी पुण्याच्या हृदयरोगतज्ज्ञांची. मुलाने तिकडे नेऊन दाखवलं होतं. दोन्ही चिठ्ठ्यांवर रक्तदाबाची एकेक गोळी, नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या. गोळ्यांच्या पाकिटावर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं. दोन्हीकडे एकच: ॲम्लोडिपिन. गुरुजी एकच औषध दुप्पट घेत होते, आणि ॲम्लोडिपिन जास्त झालं की पायाला सूज येते हे फार्मसीच्या पोरालाही ठाऊक असतं.

"पुण्याच्या डॉक्टरांना इथली गोळी दाखवली होती का?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि इथल्यांना पुण्याची चिठ्ठी?"

गुरुजी जरा घुटमळले. "त्यांना वाईट वाटेल हो. म्हणतील, माझ्यावर विश्वास नाही का."

कुठली गोळी थांबवायची हे ठरवायचा अधिकार माझा नाही. मी त्यांना तसंच उलट पावली दवाखान्यात पाठवलं, दोन्ही पाकिटं बरोबर देऊन. इथल्या डॉक्टरांना वाईटबिईट काही वाटलं नाही. त्यांनी एक गोळी बंद केली आणि चिठ्ठीवर तसं लिहिलं.

या एका प्रसंगात हक्क आणि जबाबदारी वेगळ्या काढून दाखवा बरं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हा गुरुजींचा हक्क. सनदेत तो आहे, आणि पहिल्या डॉक्टरने त्यासाठी कागद द्यावेत असंही त्यात आहे. पण तो त्यांनी चोरून वापरला, आणि चोरून वापरल्यामुळे त्यांचं शरीर दोन डॉक्टरांमध्ये वाटलं गेलं. चूक एकट्या गुरुजींची नाही. "आधी कुणाला दाखवलंय का?" हा प्रश्न काही डॉक्टर असा विचारतात, की उत्तर 'नाही' असंच आलं पाहिजे. आणि औषधाचं मूळ नाव चिठ्ठीवर वाचता येईल अशा, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असं आचारनियमांत २०१६ पासून आहे. दोन्ही चिठ्ठ्यांवर ते असतं, तर गुरुजींनी ते स्वतःच ताडलं असतं. बेरजा तपासण्यात जन्म गेलेला माणूस तो.

अक्षराचा विषय निघालाच आहे. डॉक्टरांच्या अक्षरावर आपण विनोद करतो. आम्हाला त्यात विनोद वाटत नाही. न वाचता येणारी चिठ्ठी आमच्याकडे आली, की आम्ही अंदाज करतो, आणि अंदाज चुकला तर ते औषध कुणाच्या तरी पोटात जातं. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी उच्च न्यायालयाला बोलावं लागलं. शिवाय काही चिठ्ठ्या मुद्दाम अशा लिहिलेल्या असतात, की त्या दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकललाच कळतात. यावर मी आणखी बोलणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

चिठ्ठीपेक्षा अवघड प्रकरण पुडीचं. खेड्यापाड्यात आणि आपल्या गावातही डॉक्टर औषध स्वतःकडचं देतात. औषध कायद्याच्या नियमांनी त्यांना तशी सवलत आहे. स्वतःच्या पेशंटला द्यायचं, उघडं दुकान मांडायचं नाही, वेष्टनावर डॉक्टरचं नाव-पत्ता हवा, जोखमीच्या औषधांची नोंद वहीत हवी. प्रत्यक्षात पेशंटच्या हातात पडतात ती कागदाची छोटी पाकिटं, त्यात एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी गुलाबी गोळी, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. पाकिटावर काही नाही. यात वाईट हेतू असतोच असं नाही. मजुराला पन्नास-शंभरात तपासणी आणि औषध मिळून जातं, मेडिकलची पायरी चढावी लागत नाही. ही सोय मोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आमच्या संघटनेतल्या काही मित्रांना ते रुचणार नाही.

पण नाव नसलेल्या पुडीचं काय होतं ते बघा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले. पेशंट दुसऱ्या डॉक्टरकडे धावला. "काय घेतलं होतं?" "पांढरी गोळी." जगातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या असतात. सांधेदुखीची पुडी त्याहून वाईट. त्यात कधी कधी स्टेरॉइड असतं. पेशंटला एका दिवसात उभारी येते, तो खूश, डॉक्टरांचा हातगुण गावभर होतो. महिनोन्‌महिने पुडी चालू राहते. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एक दिवस पुडी संपली म्हणून तो एकदम बंद करतो, तेव्हा जीवावर बेतू शकतं. कारण दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड टप्प्याटप्प्याने कमी करावं लागतं. हे त्याला कुणी सांगायचं? तो काय घेतोय हेच त्याला माहीत नाही. माहितीचा हक्क म्हणतात तो इथे, त्या बोटभर कागदी पाकिटावर, औषधाचं नाव लिहिण्याइतका लहान आहे.

आता समोरच्या दोन रांगा सोडून मागच्या रांगांकडे वळतो.

आपण डॉक्टरला पैसे कशाचे देतो? सुई दिली तर देतो. सलाईन लावलं तर आनंदाने देतो. बोलण्याचे देत नाही. तान्ह्या पोराला जुलाब लागले म्हणून एक जोडपं दवाखान्यात गेलं. डॉक्टर तरुण होते, नवीन होते. त्यांनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली, डोळे पाहिले, लघवी होते का विचारलं, आणि समजावून सांगितलं, की पाणी फार कमी झालेलं नाही, ओआरएसचं पाणी चमच्याने पाजत राहा, अंगावरचं दूध चालू ठेवा, झिंकची गोळी चौदा दिवस द्या, रक्त दिसलं किंवा पोर मलूल झालं तर लगेच या. दहा मिनिटं गेली असतील. चिठ्ठीवर दोनच वस्तू. काउंटरवर आल्या आल्या बाप म्हणाला, "अँटिबायोटिक नाही लिहिलं. शंभर रुपये घेतले आणि साखर-मिठाची पुडी लिहून दिली." मी समजावलं, त्यांनी मान डोलावली, ओआरएस घेतलं. तासाभराने ते मला समोरच्या दुसऱ्या दवाखान्यातून बाहेर पडताना दिसले. पोराच्या हाताला सलाईनची पट्टी होती आणि बापाच्या चेहऱ्यावर समाधान.

हे दरवर्षी घडत गेलं, की तो तरुण डॉक्टर शहाणा होतो. म्हणजे बोलणं बंद करतो. मग आपणच म्हणतो, डॉक्टर काही सांगत नाहीत, तोंड वर करून बघतसुद्धा नाहीत. मला अनेक वर्षांच्या अनुभवानंतर असं वाटतं, की माहितीचा हक्क डॉक्टरांनी जेवढा बुडवला असेल, तेवढाच आपण तो गिऱ्हाईक म्हणून बुडवला आहे. औषध न देता परत पाठवणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जाणं आणि त्याची फी कुरकुर न करता देणं, ही मी पेशंटची पहिली जबाबदारी मानतो.  फी कशाची द्यावी ते सनदेत लिहिलेलं नाही.

दुसरी जबाबदारी सगळं सांगण्याची. काय काय लपवलं जातं म्हणून सांगू? दारू लपवतात हे समजू शकतो. पण रक्त पातळ होण्याची गोळी चालू असलेला माणूस दात काढायला जातो आणि सांगत नाही, कारण "दातांच्या डॉक्टरचा हृदयाशी काय संबंध". मधुमेहाचा पेशंट कुणीतरी दिलेला काढा घेतो आणि सांगत नाही, कारण डॉक्टर ओरडतील. गुडघ्याला एका पाव्हण्याने दिलेली गोळी चालू असते, तिचं नाव त्यालाही माहीत नसतं. बाया गर्भपाताबद्दल बोलत नाहीत, कारण शेजारच्या स्टुलावर पुढचा पेशंट बसलेला असतो.

हे स्टूल हटवायला हवं. आपल्याकडे वेळ वाचावा म्हणून पुढचे दोन पेशंट आतच बसवून ठेवायची पद्धत आहे. आतलं बोलणं बाहेरच्या बाकापर्यंत आणि तिथून गल्लीपर्यंत जातं. गुप्तता हा पेशंटचा हक्क आहे, तो मोडला की पेशंटचं खरं बोलणं थांबतं, आणि डॉक्टर अर्धवट माहितीवर औषध लिहितो. स्त्री पेशंटला पुरुष डॉक्टरने तपासताना तिच्याबरोबर एखादी स्त्री हजर असणं हाही हक्क सनदेत आहे. त्याचा अर्थ मात्र नवऱ्याने शेजारी उभं राहून तिच्या वतीने उत्तरं द्यावीत असा नव्हे. "हिला ना, पोटात दुखतं." अहो, पोट तिचं आहे.

नातेवाइकांचा विषय निघाला, तर त्यावर थोडं थांबतो, कारण आपल्या घरांत हे फार होतं. आजोबांची तपासणी झालेली असते, रिपोर्ट चांगला नसतो. आजोबा खुर्चीत, मुलगा खुर्चीमागे उभा. मुलगा डोळ्यांनी खुणावतो, ओठांवर बोट ठेवतो, मान हलवतो. डॉक्टरांना समजतं. "काही नाही आजोबा, जरा गाठ आहे, औषध देतो." पुढे केमोथेरपी 'ताकदीचं सलाईन' म्हणून चालते. मुलाचं प्रेम खोटं नसतं. पण आजोबांना जमीन कुणाच्या नावे करायची असते, धाकट्या भावाशी बोलायचं असतं, पंढरपूरला एकदा जाऊन यायचं असतं. आजार त्यांचा, माहिती त्यांची. ऐकायची त्यांची इच्छा नसेल, तर तसं सांगायचा हक्कही त्यांचाच. मुलाने तो परस्पर वापरायचा नाही.

कायदाही हेच म्हणतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. तपासणीसाठी भूल दिलेली एक प्रौढ स्त्री. ती शुद्धीवर नसताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. पेशंट प्रौढ आहे, काही वेळाने शुद्धीवर येणार आहे आणि लगेच जीवाला धोका नाही, तर आईची संमती चालणार नाही. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची फी घ्यायची नाही आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायची, असा निकाल झाला. आपल्याकडे सही नेहमी 'जबाबदार नातेवाईक' करतो. पेशंट स्वतः शुद्धीत, शिकलेला, पलंगावर बसलेला असतो आणि कागद जातो जावयापुढे.

कागदपत्रांचं थोडं सांगतो. दाखल झालेल्या पेशंटच्या नोंदी डॉक्टरने तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा २००२ चा नियम आहे. मागताना लेखी मागा आणि पोच घ्या. पण हा नियम दाखल झालेल्यांसाठी. बाहेरून बाहेर दाखवणाऱ्या पेशंटची नोंद बहुतेक दवाखान्यांत फारशी राहत नाही. तुमच्या हातातली चिठ्ठी हीच ती नोंद. ती आपण कशी जपतो? कापडाच्या दुकानाच्या पिशवीत, बहुतेक वेळा चुरगळून, त्यात चार वर्षांपूर्वीचं विजेचं बिल. ईसीजीची पट्टी ज्या कागदावर निघते तो उष्णतेने उमटणारा कागद असतो, काही महिन्यांत तो पुसट होतो. पुढे छातीत दुखलं की डॉक्टर विचारतात, जुना ईसीजी आहे का, आणि आपण कोरा गुलाबी कागद पुढे करतो. ईसीजी काढला त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढा. दोन रुपये लागतात. मोबाइलवर फोटो असला तरी झेरॉक्स काढा, मोबाइल बदलला की फोटो जातात.

आमच्या धंद्याबद्दल न बोललो तर ते बरं दिसणार नाही. पट्टीतून चार गोळ्या कापून देताना नाव आणि मुदत छापलेला तुकडा बऱ्याचदा आमच्याकडेच राहतो. गिऱ्हाइकाच्या हाती जातात ते नुसते फुगवटे. मुदतीचा तुकडा पेशंटला द्यायचा आणि शिल्लक पट्टीवर पेनाने लिहायचं, एवढं करता येतं. काही अँटिबायोटिक आणि क्षयरोगाची औषधं मार्च २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. ती देताना डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं ठेवायची. तरीही "भाऊ, मागच्या वेळची ती कॅप्सूल द्या दोन" म्हणणारा गिऱ्हाईक आणि देणारा भाऊ, दोघंही आपल्या गावात सुखाने नांदतात. दोन कॅप्सूलने आजार जात नाही, जंतू तेवढा शहाणा होतो. क्षयरोगात तर पेशंटला दीड-दोन महिन्यांत बरं वाटतं, वजन वाढतं, तो औषध सोडतो, आणि परत येतो तो औषधाला न जुमानणारा क्षय घेऊन. घरातल्या नातवालाही देतो. इथे जबाबदारी एकट्या पेशंटपुरती राहत नाही.

हाणामारीबद्दल एकच सांगतो. डॉक्टरांवर आणि दवाखान्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीच्या दुप्पट भरपाई, गुन्हा अजामीनपात्र. तक्रार असेल तर जागा आहेत. डॉक्टरच्या वागण्याची तक्रार त्या त्या पॅथीच्या परिषदेकडे, ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. पैशांची भरपाई हवी तर जिल्हा ग्राहक आयोग, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. आणि तिथे गेल्यावर पहिला प्रश्न काय येतो? कागद आहेत का?

आता कामाचं बोलतो. वाचनालयाचे कार्यवाह, गावातले दोन डॉक्टर आणि आम्ही काही औषधविक्रेते यांनी मिळून एक कार्ड तयार केलं आहे, त्याचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. पोस्टकार्डाच्या आकाराचं, जाड कागदाचं, खिशात मावेल असं. एका बाजूला नाव, वय, रक्तगट, कशाची ॲलर्जी, कोणते जुने आजार, झालेली ऑपरेशनं. दुसऱ्या बाजूला चालू औषधांची मूळ नावं, किती, केव्हापासून, कुणी लिहून दिली, आणि शेवटचा रकाना 'बंद केल्याची तारीख'. हा रकाना गुरुजींनी सुचवला. पुडी देणाऱ्या डॉक्टरांनी पुडीवर नाव लिहायला वेळ नसेल, तर निदान या कार्डावर लिहावं, एवढी विनंती आहे. एका डॉक्टरांनी हरकत घेतली, की लोक कार्ड घरी विसरून येतील. येतील. रेशनकार्ड नाही विसरत. दुसरी हरकत अशी, की कार्ड हरवलं तर आजाराचा बोभाटा होईल. म्हणून आजारांचा रकाना भरायचा की कोरा ठेवायचा हे पेशंटने ठरवायचं, डॉक्टरने किंवा मुलाने नाही. पहिल्या छपाईचा खर्च औषधविक्रेते करणार आहेत, आणि कार्डावर कुठल्याही दुकानाची जाहिरात असणार नाही. रकाने आणखी कोणते हवेत ते नमुन्याच्या मागे पेन्सिलीने लिहून द्या, पुढच्या रविवारी दहा वाजता इथेच बसून मजकूर पक्का करू. डॉक्टरांनी जरूर यावं, दवाखाना तेव्हा बंद असतो.